‘सारे ठीक होईल’ हे तिलाही लगेच पटले नव्हते

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. माझे वय ५४. बँकेतून दोन वर्षांपूर्वी स्वेच्छानिवृत्ती घेतली. माझा २६ वर्षांचा मुलगा पाच वर्षांपासून दारूच्या व्यसनात आहे. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला आणि दोन्ही वेळा काही महिन्यांत पुन्हा पहिल्यासारखे झाले. त्याची उधारी मी दोनदा फेडली. तिसऱ्यांदा फेडायची की नाही, यावरून घरात अबोला आहे. माझी भाची इंग्लंडमध्ये नॉरिच येथे नोकरी करते. तिने तिथल्या ज्युलियन नावाच्या जुन्या काळातील ख्रिस्ती साध्वीचे कार्ड मला पाठवले. मांडीवर मांजर घेतलेली बाई आणि खाली ‘सारे ठीक होईल’ हे तिचे वचन. ते मी फ्रिजवर लावले. पहिले काही दिवस धीर यायचा, आता ते वाक्य दिसले की संताप होतो. तरीही त्या बाईने मनात घर केले, म्हणून तिचे पुस्तक आजच्या इंग्रजीत मागवून अर्धे वाचले. एके दिवशी वाटते की देव पाठीशी आहे, दुसऱ्या दिवशी सगळे पोकळ वाटते. ती स्वतःला एका खोलीत कायमची कोंडून घेऊन राहिली, हे वाचून तर मला तिचा हेवा वाटला. मलाही दार लावून घ्यावेसे वाटते. माझे माहेर वारकऱ्यांचे, हरिपाठ तोंडपाठ आहे. सासरचे लोक हसतात, ‘आता बाप्तिस्मा घेणार का?’ म्हणतात. त्या वाक्यावर मी विश्वास कसा ठेवू? माझी श्रद्धाच कच्ची आहे का? आणि तिच्यासारखे आतल्या आत राहणे हा पळपुटेपणा ठरेल का?
— एक आई, डोंबिवली

उत्तर

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रात मला सर्वांत भरवशाची वाटलेली गोष्ट म्हणजे तुमचा संताप. कार्डावर छापलेल्या त्या तीन शब्दांनी तुमचे समाधान झाले असते, तर ज्युलियनकडे वळण्याचे तुम्हाला फारसे कारण उरले नसते. कारण हे वाक्य तिने प्रथम ऐकले तेव्हा तिचेही समाधान झाले नव्हते. कार्ड छापणाऱ्यांनी वाक्याचा पूर्वार्ध गाळला आहे. तिच्या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या प्रकरणात ते साधारण असे येते की, पाप हे व्हायचेच होते, पण सारे ठीक होईल, सारे ठीक होईल, आणि सर्व प्रकारच्या गोष्टी ठीक होतील. ‘पाप’ या एका उघड्याबोडक्या शब्दात ती केवळ माणसाच्या हातून घडलेली चूक धरत नाही. जे जे चांगले नाही ते सगळे, ख्रिस्ताने सोसलेली विटंबना आणि प्राणिमात्रांच्या शरीरामनाला होणाऱ्या साऱ्या यातना, हे सर्व त्या शब्दासरशी आपल्या मनासमोर उभे राहिले, असे ती सांगते. म्हणजे तुमच्या मुलाची दारू, तुमची मोडलेली ठेव आणि जेवणाच्या टेबलावरचा तो अबोला, हे सगळे त्या वाक्याच्या गाळलेल्या भागात आहे.

आणि मग दोनच प्रकरणे पुढे ती जे करते ते मला त्या वाक्याहून मोलाचे वाटते. एकोणतिसाव्या प्रकरणात ती खिन्न होऊन, भीतभीत, पण स्पष्ट शब्दांत विचारते की, हे दयाळू प्रभो, पापामुळे तुझ्या लेकरांची एवढी मोठी हानी झालेली असताना सारे ठीक होईल तरी कसे? हा प्रश्न ती तिथेच सोडूनही देत नाही. पुढे बत्तिसाव्या प्रकरणात ती पुन्हा अडते. कित्येक जीव कायमचे नरकात जातील असे चर्चची शिकवण सांगते, ती शिकवण ती मानते, आणि ते खरे असेल तर सर्व प्रकारच्या गोष्टी ठीक होणे आपल्याला अशक्य दिसते, असे ती म्हणते. त्यावर तिला उत्तर मिळते ते इतकेच, की तुला जे अशक्य आहे ते मला अशक्य नाही, आणि मी माझा शब्द सर्व बाबतींत पाळीन. ते कसे घडेल हे अखेरच्या दिवसापर्यंत झाकलेलेच राहणार आहे, असेही ती लिहिते. हे उत्तर मला पुरेसे वाटते, असे मी तुम्हाला सांगणार नाही. ज्युलियनलाही ते पुरेसे झाले असते, तर पुढची वीस वर्षे तिने त्याच एका दिवसाभोवती घालवली नसती.

तो दिवस मे १३७३ मधला. संतांना आपण मराठीत एकेरीतच हाक मारतो, तेव्हा त्याच नात्याने मीही तिला ‘ती’ म्हणते. ती साडेतीस वर्षांची होती. काही दिवसांच्या आजाराने कमरेखालचे शरीर मेल्यासारखे झाले होते, अखेरचे संस्कारही होऊन गेले होते. धर्मगुरूने तिच्या डोळ्यांसमोर क्रूस धरला, आणि पहाटे चारच्या सुमारास तिला दर्शने होऊ लागली. त्या दिवशी एकामागोमाग पंधरा झाली आणि सोळावे दुसऱ्या रात्री झाले. तिची आई उशाशी उभी होती. मुलगी गेली असे समजून तिने तिचे डोळे मिटण्यासाठी हात पुढे केला, आणि ज्युलियनला दुःख झाले, कारण क्रूस दिसायचा थांबेल असे तिला वाटले. आईचा अंदाज चुकला होता, इतकेच मी नोंदवते. तुमच्या मुलाच्या बाबतीत याचा काही शुभशकुन काढू नका. ज्युलियनच्या पुस्तकातून शकुन काढणाऱ्यांनीच ते कार्ड छापले आहे.

तुमच्या घरच्या थट्टेबद्दल फार लिहीत नाही. हरिपाठ म्हणणाऱ्या बाईला एका ख्रिस्ती स्त्रीचे पुस्तक वाचण्यासाठी बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही, आणि ज्युलियनची श्रद्धा आपल्या सोयीने पुसून तिला निव्वळ ‘अध्यात्म’ म्हणून वाचण्याचेही कारण नाही. तिचा सारा विचार येशूच्या दुःखसहनाभोवती फिरतो, तसाच तो वाचावा. थट्टेबाबत मात्र तिचाच एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. पंधरा दर्शने झाल्यानंतर तिचे दुखणे परतले, आणि भेटीला आलेल्या एका धार्मिक व्यक्तीने प्रकृती विचारली तेव्हा ती म्हणाली की, आज मी भ्रमात बरळत होते. तो मोठ्याने हसला. मग ती म्हणाली की, समोरच्या क्रूसातून रक्त वाहताना मला दिसले, आणि हे ऐकताच तो एकदम गंभीर झाला. ज्युलियनला स्वतःची लाज वाटली. परका मनुष्य ज्याला मान देत होता, त्याला आपणच बरळणे म्हटले होते. म्हणून सासरच्यांच्या हसण्यापेक्षा, ‘मी मेली उगीच काहीतरी वाचत बसते’ असे तुम्ही स्वतः कधी म्हणत असाल, तर ते आधी थांबवा.

आता तुमच्या श्रद्धेचा प्रश्न. एक दिवस भरवसा वाटतो आणि दुसऱ्या दिवशी सगळे पोकळ वाटते, याला तुम्ही कच्चेपणा म्हणता. सातव्या दर्शनात ज्युलियनने हाच अनुभव सांगितला आहे. आधी तिला पूर्ण स्वस्थता वाटली, मग क्षणात ती एकटी पडली आणि जगणे नकोसे झाले, मग पुन्हा स्वस्थता, पुन्हा ओझे, असे सुमारे वीस वेळा झाले. यावर तिने जे म्हटले आहे ते मला वारंवार आठवते. तेवढ्या वेळात आपल्या हातून असे कोणतेही पाप झाले नव्हते की ज्याची शिक्षा म्हणून आपल्याला एकटे सोडावे, असे ती लिहिते. आणि स्वस्थताही आपण काही कमावली नव्हती. म्हणजे मनाच्या या चढउताराचा हिशेब तिने पुण्यपापाच्या खात्यावर मांडला नाही. तुम्ही बँकेत आयुष्य काढले आहे. ही नोंद तुम्हाला माझ्याहून चांगली कळेल. प्रार्थनेबद्दलही ती एकेचाळिसाव्या प्रकरणात तसेच सांगते. गोडी वाटत नसली तरी, काहीच जाणवत नसले तरी, मन कोरडे आणि ओसाड असले तरी प्रार्थना कर, कारण अशा वेळची प्रार्थना मला विशेष आवडते, असे शब्द तिने ईश्वराच्या मुखी ऐकले. तेव्हा हरिपाठ ज्या दिवशी निव्वळ तोंडाने म्हटला जाईल त्या दिवशीही म्हणा, आणि तो खोटा झाला असे समजू नका. मात्र झोपच लागत नसेल, सकाळी उठावेसे वाटत नसेल, तर ते केवळ मनाचे ऊनपाऊस समजून सोडू नका; डॉक्टरांना दाखवा. ज्युलियन आजारी होती तेव्हा तिला कोणी नुसते पुस्तक वाचायला दिले नव्हते.

कोंडून घेण्याच्या इच्छेबद्दल मात्र मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तिथे तुमचा हेवा चुकीच्या खोलीवर जडला आहे, अशी मला शंका आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये काही स्त्रीपुरुष चर्चच्या भिंतीला लागून बांधलेल्या लहानशा कोठडीत आजन्म राहण्याचे व्रत घेत. बिशपच्या परवानगीने हा प्रवेश होई, त्या वेळी मृतांसाठीच्या प्रार्थना म्हणण्याचीही रीत होती, आणि त्यानंतर ती व्यक्ती जगाला मेलेली समजली जाई. ज्युलियन अशीच नॉरिचमध्ये संत ज्युलियनच्या चर्चला लागून राहिली, आणि ‘ज्युलियन’ हे नाव बहुधा तिला त्या चर्चवरूनच पडले. तिच्या नावे काही पैसे ठेवणारी मृत्युपत्रे १३९४ पासून १४१६ पर्यंतची सापडतात. शेवटच्या मृत्युपत्रात सफोकच्या सरदारपत्नीने तिला वीस शिलिंग ठेवले होते. हे ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर चारही बाजूंनी बंद, शांत खोली उभी राहत असेल. पण अशा कोठडीला सहसा तीन खिडक्या असत. एक चर्चच्या आत उघडे, तिच्यातून वेदी दिसे. दुसरीतून मोलकरीण जेवण आत देई आणि नको ते बाहेर नेई. तिसरी बाहेरच्या माणसांकडे उघडे. तिच्यावर पडदा असे, आणि पडद्याआडून ती येणाऱ्याजाणाऱ्यांची गाऱ्हाणी ऐकून घेई.

ही तिसरी खिडकी किती वर्दळीची असे, याची गंमतशीर साक्ष अशा स्त्रियांसाठी तेराव्या शतकात लिहिलेल्या एका मार्गदर्शक ग्रंथात आहे. त्यात एक म्हण दिली आहे, की गिरणीतून, बाजारातून, लोहाराच्या भट्टीवरून आणि कोठडीतल्या बाईकडून बातम्या कळतात. थोडक्यात, चावडी आणि कोठडी यांत फार अंतर नसे, आणि म्हणूनच ग्रंथकार त्यांना खिडकीशी गप्पा छाटू नका असे बजावतो. (तुमच्या कार्डावरचे मांजरही त्याच ग्रंथातून आले आहे. अशा बाईने जनावर पाळू नये, एक मांजर तेवढे चालेल, असा तो नियम आहे. ज्युलियनने स्वतःच्या लेखनात मांजराचा उल्लेख केलेला नाही, पण चित्रकारांना ते सोडवत नाही.) शिवाय नॉरिच हे आडगाव नव्हते. ते त्या काळच्या इंग्लंडमधल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक होते, आणि ती कोठडी नदीच्या धक्क्यांजवळच्या रहदारीच्या रस्त्यानजीक होती. ज्युलियन सहासात वर्षांची असताना, १३४९ मध्ये, त्या शहरात प्लेगने माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली. १३६१ मध्ये आणि १३६९ मध्ये साथ पुन्हा आली. १३८१ मध्ये शेतकऱ्यांचे बंड झाले, आणि नॉरिचच्या बिशपने, हेन्री डिस्पेन्सरने, स्वतः शस्त्र हाती घेऊन ते मोडले. जिला ‘सारे ठीक होईल’ असे सांगितले गेले, तिला काय काय ठीक व्हायचे बाकी आहे याची चांगलीच कल्पना होती.

त्या खिडकीशी १४१३ च्या सुमारास आलेली एक बाई आपल्याला नावानिशी माहीत आहे. मार्जरी केम्प ही लिन गावची, चौदा मुलांची आई, चर्चमध्ये मोठमोठ्याने रडून लोकांना हैराण करणारी. आपल्याला जे दिसते ते देवाकडून आहे की आपली फसगत होते आहे, हे विचारायला ती आली आणि कित्येक दिवस दोघींचे बोलणे चालले. मार्जरीच्या आठवणींनुसार ज्युलियनने तिला एक कसोटी दिली. मनात उठलेली प्रेरणा ईश्वराच्या महिम्याच्या आणि इतर माणसांच्या हिताच्या विरुद्ध नसेल तर तिच्यामागे जावे, असे ती म्हणाली, आणि जगाच्या बोलण्याला भिऊ नकोस असेही. ही कसोटी तुम्ही तुमच्या दारालाही लावून पाहा. दार लावून घेण्याची जी ओढ तुम्हाला वाटते, तिच्यातून मुलाचे, पतीचे आणि तुमचे स्वतःचे काही हित होणार आहे का? काही अंशी होईल, असे मला वाटते; पण त्या खोलीला खिडकी असली तरच. तुमच्या माहेरी ताटीचे अभंग कानांवर पडलेच असतील. ज्ञानोबा ताटी लावून बसला तेव्हा मुक्ताईने बाहेर उभे राहून त्याची मनधरणी केली होती. तुमच्या घरात ते काम कोण करणार, हे आधी पाहून ठेवा.

म्हणून दिवसातला एक तास ठरवा. त्या वेळी दार खरोखर लावा, फोन बाहेर ठेवा, आणि घरातल्यांना ती वेळ आधी सांगा. आणि आठवड्यातून एकदा बाहेरची खिडकी उघडा. व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे स्वमदत गट चालतात. मुंबई परिसरात त्यांच्या सभा होतात आणि तिथे आपली ओळख सांगावी लागत नाही. पाच वर्षे तुम्ही हे फक्त नवऱ्याच्या अबोल्याशी बोलत आला आहात.

त्या एका तासात काय करावे, याचे उत्तर मी ज्युलियनच्या पुस्तकाच्या जडणघडणीतूनच देते. तिने आपला अनुभव दोनदा लिहिला. पहिले लिखाण लहान आहे. दुसरे त्याच्या कितीतरी पट मोठे, शहाऐंशी प्रकरणांचे आहे, आणि ते वीसेक वर्षांच्या चिंतनानंतरचे आहे. स्वतःला ‘अक्षर न जाणणारी साधी बाई’ म्हणवणाऱ्या या स्त्रीचे पुस्तक हे इंग्रजी भाषेत स्त्रीने लिहिलेले आपल्याला ठाऊक असलेले पहिले पुस्तक आहे. पहिल्या लिखाणात एका दृष्टान्ताचा उल्लेखच नाही, कारण तो तिला उलगडला नव्हता. तो पूर्णपणे समजायला वीस वर्षांना तीनच महिने कमी लागले, असे ती हिशेबाने सांगते. न कळलेली गोष्ट तिने ओढूनताणून समजावून सांगितली नाही, ती बाजूला ठेवली आणि जपली. तुम्हीही तसेच करा. मुलगा दुसऱ्यांदा केंद्रातून घरी आला त्या दिवसापासून दारू पुन्हा सुरू झाल्याच्या दिवसापर्यंत जे घडले ते चारपाच पानांत लिहा, तारखा घालून, कोण काय म्हणाले ते जसेच्या तसे. त्याचा अर्थ लावू नका, आपली चूक कुठे झाली हे शोधू नका. वही मिटून ठेवा आणि एका वर्षाने, जुने पान न पाहता, तेच पुन्हा लिहा. मग दोन्ही शेजारी ठेवून वाचा. ज्युलियनच्या दोन लिखाणांमधला एक फरक तुम्हाला सांगते, म्हणजे असे फरक कुठे शोधायचे ते कळेल. डोळे मिटायला हात पुढे करणारी तिची आई पहिल्या लिखाणात आहे, दुसऱ्यात नाही. आणि पहिल्यात नसलेली, ईश्वराला आई म्हणणारी प्रकरणे दुसऱ्यात आहेत.

तो वीस वर्षांचा दृष्टान्त एक्कावन्नाव्या प्रकरणात आहे, म्हणजे तुम्ही थांबलात तिथून फार दूर नाही. एक धनी बसला आहे आणि एक सेवक समोर तत्पर उभा आहे. धनी त्याला कामावर पाठवतो. सेवक केवळ जातच नाही, धन्यावरच्या प्रेमाने धावत सुटतो, आणि धावताना खळग्यात पडून जबर जखमी होतो. तो कण्हतो, पण उठता येत नाही. त्याचे सर्वांत मोठे दुःख हे, की मान वळवून धन्याकडे पाहता येत नाही, आणि धनी तर अगदी जवळच असतो. धनी त्याला दोष देत नाही, कारण तो पडला तो धन्याच्याच कामासाठी धावताना. ज्युलियन या सेवकात आदम पाहते आणि ख्रिस्तही पाहते, आणि त्यावर पुष्कळ बारकाईने लिहिते. तुम्हाला मात्र त्या सेवकात आपला मुलगा दिसेल, असा माझा कयास आहे. मला तो दिसत नाही. तो कोणाच्या कामाला धावत नव्हता. मला त्या खळग्यात तुम्ही दिसता. दोनदा उधारी फेडणारी, केंद्राच्या दाराशी पिशव्या घेऊन उभी राहिलेली, धावताना पडलेली, आणि आता ‘माझी श्रद्धाच कच्ची’ म्हणून आपल्यालाच बोल लावणारी बाई. धनी जे करत नाही, ते तुम्ही स्वतःच्या बाबतीत का करता?

ईश्वराला आई म्हणणे तुम्हाला नवे नाही. विठाई आणि माउली हे शब्द तुमच्या कानांवर जन्मापासून आहेत. पण ज्युलियन आईपणाचा एक बारकावा सांगते, तो तुमच्या उधारीच्या प्रश्नाला थेट लागू पडतो. साठाव्या प्रकरणात ती म्हणते की, मूल जसजसे वाढते तसतशी आई आपली वागण्याची रीत बदलते, माया बदलत नाही. पुढच्या प्रकरणात ती याहून धीट होते. लेकराच्या भल्यासाठी आई त्याला कधीमधी पडूही देते, लागूही देते, असे ती लिहिते. आणि हेही मान्य करते की जगातल्या आईच्या डोळ्यांदेखत तिचे मूल नष्ट होऊ शकते, अखेरपर्यंत सांभाळणे हे दुसऱ्या आईचे, म्हणजे तिच्या लेखी येशूचे, काम आहे. सव्वीस वर्षांच्या मुलाची तिसरी उधारी फेडणे ही सहा वर्षांच्या मुलासाठीची रीत आहे. माझे मत विचाराल तर ती फेडू नका. पण हा निर्णय नवऱ्याशी बोलून, केंद्रातल्या समुपदेशकाला विचारून घ्या, आणि मुलगा शुद्धीत असताना त्याला तोंडावर सांगा; उपचारांचा खर्च मात्र तुम्ही कराल, हेही त्याच वेळी सांगा. त्याने आदळआपट केली तर तुमची रीत बदलली आहे, माया नाही, हे त्याला कळेल की नाही, मला सांगता येणार नाही. ते तुम्हाला स्वतःला ठाऊक असले पाहिजे.

पत्रात तुम्ही थेट विचारलेला नाही, पण ओळींमधून डोकावणारा एक प्रश्न राहतो, तो म्हणजे तो सुधारेल का. ज्युलियननेही असाच एक प्रश्न विचारला होता. पस्तिसाव्या प्रकरणात ती सांगते की, आपण जिच्यावर माया करत होतो अशा एका व्यक्तीचे पुढे कसे होईल, ती चांगल्या मार्गावर टिकून राहील ना, हे जाणून घेण्याची तिला इच्छा झाली. सोळा दर्शने मिळालेल्या या बाईला त्या एका प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही. जे सांगितले आहे ते सर्वांसाठी म्हणून घे, एकाच कोणासाठी म्हणून मागू नकोस, अशी तिची समजूत घालण्यात आली. ती व्यक्ती कोण होती आणि पुढे तिचे काय झाले, हे तिने कुठेही लिहिलेले नाही. मला हे पान त्या पुस्तकातले सर्वांत प्रामाणिक पान वाटते, कारण एवढा मोठा दिलासा पदरात पडल्यावरही आपला खास प्रश्न अनुत्तरित राहिला, हे तिने लपवले नाही. तुमच्या मुलाबद्दल तुम्हाला शब्द देणारे कोणी भेटले, मग तो बाबा असो, केंद्राचे माहितीपत्रक असो किंवा असे एखादे सदर, तर त्यावर विसंबू नका. तिला स्वतःला मिळालेला शब्द केवढा होता, याचा अंदाज पुस्तकाच्या उत्तरार्धातल्या एका वाक्यात येतो. अडुसष्टाव्या प्रकरणात ती म्हणते की, तुला वादळ लागणार नाही, कष्ट पडणार नाहीत, यातना होणार नाहीत, असे ईश्वराने म्हटले नाही. तू हरणार नाहीस, असे म्हटले.

एका बाबतीत मात्र तिच्या मागे जाऊ नका. तरुणपणी तिने जी तीन दाने मागितली होती, त्यांत तिसाव्या वर्षी मरणाच्या दारापर्यंत नेणारे दुखणे यावे, हेही एक होते. पुढे ती हे मागणे विसरूनही गेली होती, आणि मागतानाच तिने ‘तुझी इच्छा असेल तर’ अशी अट घातली होती. तरीही ते वाचताना मला आजही अस्वस्थ वाटते. उपास, जागरणे आणि स्वतःला शिक्षा करणे यांनी मुलाची दारू सुटते असा हिशेब आपल्याकडच्या कित्येक आया मनातल्या मनात मांडतात. तुम्ही तसे काही चालवले असेल तर बंद करा.

उरलेले पुस्तक वाचा, पण एका बैठकीला एकाहून जास्त प्रकरण वाचू नका, आणि एक्कावन्नावे तर आठवडाभर पुरवा. शेवटच्या, शहाऐंशीव्या प्रकरणात, या साऱ्याचा अर्थ काय असे आपण विचारत होतो आणि त्याचे उत्तर पंधरा वर्षांहून अधिक काळाने मिळाले, असे ती सांगते. ते उत्तर मी इथे लिहीत नाही. आधीची पाने ओलांडून त्याच्याकडे धावूही नका. तुमच्या भाचीला कळवा की सुट्टीच्या दिवशी तिने त्या चर्चमध्ये जाऊन यावे. जून १९४२ मधल्या बॉम्बहल्ल्यात ते उद्ध्वस्त झाले होते आणि १९५३ मध्ये पुन्हा उभे राहिले, तेव्हा कोठडीच्या जागीही नवी खोली बांधली. आता तिला आत जायला दार आहे.

आणि फ्रिजवरचे ते कार्ड काढा. फाडू नका, पुस्तकात, एकोणतिसाव्या प्रकरणापाशी, खूण म्हणून ठेवा. तिथे ती ‘कसे?’ असे विचारते.

आपली,
सदरलेखिका